आरंभाचा वाद आणि खोडदच्या तबकड्या

माणहून निघणारी मेट्रोची मार्गिका शिवाजीनगरला जाताना पुणे विद्यापीठाजवळून जाते. त्या आवारातली ‘आयुका’ ही विश्वाच्या अभ्यासाची आपली मोठी संस्था. तिचे संस्थापक संचालक जयंत नारळीकर यांना मात्र विश्व एका महास्फोटातून जन्मले, हे कधीच पटले नाही. मला यात विसंगती दिसत नाही. आरंभाचा प्रश्न तत्त्वचर्चेतून मोजमापाकडे कसा आला, हे त्यांना वगळून सांगताच येत नाही.

दीर्घिका जितक्या लांब, तितक्या वेगाने दूर जातात, हे हबल यांनी १९२९ मध्ये दाखवले. म्हणजे भूतकाळात सारे जवळजवळ असणार. पण त्यांच्या आकड्यांवरून विश्वाचे वय सुमारे दोन अब्ज वर्षे भरे आणि पृथ्वीवरचे खडक त्याहून जुने निघत. आईपेक्षा लेक वडील! १९४८ मध्ये हॉयल, बाँडी आणि गोल्ड यांनी तोड काढली: विश्व प्रसरण पावते, पण नवे द्रव्यही निर्माण होत राहते, म्हणून ते सदैव सारखेच दिसते. या स्थिर-स्थिती सिद्धान्ताचे मोठेपण असे, की तो खोटा ठरवता येत होता. लांबचे पाहणे म्हणजे जुने पाहणे. ते जुने विश्व वेगळे दिसले की सिद्धान्त संपला. मार्टिन राइल यांनी १९६१ मध्ये नेमकी हीच मोजणी पुढे केली. क्षीण, म्हणजे लांबचे, रेडिओ स्रोत अपेक्षेहून फार जास्त भरले. प्रतिवादाला उभे राहिले ते हॉयल यांचे विशीतले विद्यार्थी नारळीकर.

१९६५ मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांना आकाशाच्या सर्व दिशांनी येणारे सुमारे तीन केल्व्हिनचे प्रारण सापडले आणि तो महास्फोटाच्या उष्णतेचा अवशेष मानून बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाकडे वळले. नारळीकर वळले नाहीत. १९९३ मध्ये हॉयल आणि बर्बिज यांच्यासह त्यांनी सुधारित सिद्धान्त मांडला. पुरावा त्यांच्या बाजूचा नाही, असेच मला वाटते. पण असा जाणता विरोधक समोर असला, की बहुमतालाही आपले पुरावे पुन्हा पुन्हा तपासावे लागतात.

आज प्रश्न आणखी बारीक झाला आहे: पहिल्या दीर्घिकांपासून आजपर्यंत काय घडत गेले? त्याची उत्तरे चाकणच्या पुढे, नारायणगावजवळच्या खोडदला शोधली जातात. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून तिथे आणि आसपास रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या राहिल्या. भरीव पत्र्याऐवजी तारांची जाळी, म्हणून वारा आरपार जातो आणि खर्च आटोक्यात राहतो. या तबकड्या टिपतात ती हायड्रोजनची लहर मुळात २१ सेंटीमीटरची. विश्वाच्या प्रसरणाने ती वाटेत ताणली जाते. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या एका निरीक्षणात ती ४८ सेंटीमीटरची होऊन आली होती. ती निघाली तेव्हा विश्व जेमतेम पाच अब्ज वर्षांचे होते. वाटेतल्या दुसऱ्या दीर्घिकेच्या गुरुत्वाने संदेश सुमारे तीस पट वाढवला, म्हणून तो हाती लागला. त्याआधी, २०२० मध्ये, हजारो दीर्घिकांचे संदेश एकत्र करून आठ अब्ज वर्षांपूर्वीचा सरासरी वायुसाठा मोजला गेला. तारे घडण्याच्या तेव्हाच्या वेगाने तो एक-दोन अब्ज वर्षांतच संपला असता. पुढे ताऱ्यांची निर्मिती का मंदावली, याचे हे एक थेट कारण.

इतक्या क्षीण लहरींना मोबाइलचा किंवा यंत्राच्या ठिणगीचा गोंगाटही झाकून टाकतो. आपला औद्योगिक पट्टा उत्तरेकडे वाढतो आहे. पुणे–नाशिक रेल्वेच्या नियोजित मार्गाचाही या दुर्बिणीमुळे फेरविचार करावा लागला. तो करायलाच हवा होता.