भिंतीवरची फळं



आजचा श्लोक गीतेतला, अध्याय ९, श्लोक २६. भक्तीने दिलेलं पान, फूल, फळ, पाणी मी प्रेमाने घेतो, असं भगवंत सांगतात. लहानपणापासून पाठ आहे. पण मी अडलो तो साक्रीला, आमच्या डायनिंग टेबलासमोर.

वडील गेल्यावर घर रंगवून घेतलं आणि तिथे मी एक मोठी फ्रेम लावली. अँटवर्पच्या फ्रान्स स्नायडर्स (१५७९–१६५७) या फ्लेमिश चित्रकाराच्या चित्राची प्रिंट. द्राक्षं, पीच, आणि टोपलीत हात घालणारं माकड. द्राक्षांवरची पांढुरकी झाकसुद्धा खरी वाटते.

आईने बराच वेळ पाहिलं आणि आमच्या अहिराणीत विचारलं, "हाई कोनासाठे शे रे?"

"शोसाठी," मी म्हणालो. उत्तर देताना जीभ जरा अडखळलीच.

मग वाद मनातच सुरू झाला. मानसपूजेत तरी खरं फळ कुठे असतं? तिथेही कल्पनेचाच नैवेद्य! म्हणजे फळ रंगाचं आहे हा काही दोष नाही. पण मानसपूजेतलं फळ मी डोळे मिटून देतो, कोणाला दिसतही नाही. हे फळ मी पाहुण्यांना दिसावं म्हणून टांगलं होतं. त्या काळच्या अशा कितीतरी चित्रांत माशी असते, डागाळलेलं पान असतं. सगळं नासणार आहे, याची आठवण. आणि मी विकत घेतलं ते नासत नाही म्हणून. (माकड मात्र मला फार आवडतं. ते निदान खायला तरी आलंय.)

यंदा आखाजीला वडिलांची पहिली घागर भरली. आईने ती नेमकी त्या फ्रेमखाली मांडली. वर डांगर ठेवलं, शेजारी आंबे, सांजोऱ्या. उन्हाळाच तो, संध्याकाळपर्यंत डांगराचा वास घरभर पसरला. चित्राकडे त्या दिवशी कोणी पाहिलं नाही.

आमच्याकडे आखाजीला पितरांना दिल्याशिवाय आंबा खात नाहीत. मी पुण्यात मार्चमध्येच दोन डझनांची पेटी संपवली होती. आईने पानात रस वाढताना विचारलं, "यंदाचा पहिलाच ना?"

मी हो म्हणालो. फ्रेम अजून तिथेच आहे.

जय हरी.