नाबोथाचे वतन आणि आपली हरकत

शास्त्रपाठ : 1 राजे 21:1-19, गणना 27:1-7



अहाब राजाने नाबोथाकडे केलेली मागणी वरवर पाहता किती रास्त होती! राजवाड्यालगतचा द्राक्षमळा त्याला भाजीपाल्याच्या बागेसाठी हवा होता. त्याबदली तो अधिक चांगला मळा किंवा रोख मोल द्यावयास तयार होता. मग नाबोथाने परमेश्वराचे नाव घेऊन नकार का द्यावा?

उत्तर एका इब्री शब्दात आहे : 'नहला'. भाषांतराच्या कामात हा शब्द आला की लेखणी थबकते. 'मालमत्ता' म्हणावे तर विक्रीचा अर्थ डोकावतो. 'वारसा' म्हणावे तर केवळ घेणाऱ्याचा हक्क दिसतो. आपल्या मराठी शास्त्राने 'वतन' हा शब्द योजला. वतनाच्या नावाखाली आपल्या गावांत अन्यायही पुष्कळ झाला, हे विसरता येणार नाही. तरीही ह्या शब्दात हक्काबरोबर सेवा येते, एकट्याबरोबर सारा गाव येतो. भूमी परमेश्वराची आहे आणि आपण तिच्यावर उपरे व पाहुणे आहोत, असे लेवीय 25:23 सांगते. जे मूळचे आपले नाही, ते राजाच्या सोयीसाठी कसे द्यावे, हा नाबोथाचा प्रश्न होता.

गोव्याच्या गावकारीत, जिला पोर्तुगीज अमदानीत कोमुनिदाद हे नाव पडले, ह्या 'नहला'ची सावली मला दिसते. जमीन गावकऱ्यांची सामाईक, आणि तिच्या उत्पन्नातून गावाचे बांध राखावयाचे, अशी ती रीत. त्याच गोव्यात 2006 मध्ये 'प्रादेशिक आराखडा 2011' अधिसूचित झाला. शेते, बागायती व डोंगरउतार बांधकामासाठी खुले होत असल्याचे पाहून नागरिक 'गोवा बचाव अभियाना'त एकत्र आले. जानेवारी 2007 मध्ये सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. पुढचा 'आराखडा 2021' करताना गावोगावच्या लोकांकडून सूचना मागवण्यात आल्या. नकाशा लोकांसमोर उलगडला गेला, हे त्या लढ्याचे खरे फळ.

परंतु 2023 मध्ये नगर व ग्राम नियोजन कायद्यात कलम 17(2) घालण्यात आले. आराखड्यात अनवधानाने राहिलेल्या चुका व विसंगती दुरुस्त करणे, हा त्याचा सांगितलेला हेतू. प्रत्यक्षात एकेका भूखंडाच्या अर्जावर जमिनीचे क्षेत्र बदलू लागले, आणि शेजाऱ्याला आधी हरकत घेण्याची वाटच उरली नाही. मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्या कलमाखालचे नियम रद्द केले. तत्पूर्वी, 2024 मध्ये, क्षेत्रबदलाला वाट देणारे कलम 39अ कायद्यात आलेलेच होते.

शुद्धिपत्र म्हणजे काय, हे मुद्रिते तपासण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला ठाऊक असते. सुटलेला काना द्यावा, चुकलेला अंक सुधारावा. परंतु शुद्धिपत्राच्या नावाने मी नवे वचन घातले, तर ती दुरुस्ती नव्हे, लबाडी होय. म्हणूनच आम्ही मसुदा मंडळ्यांमध्ये मोठ्याने वाचून दाखवतो. शेवटच्या बाकावरची म्हातारी जेव्हा म्हणते, 'पाद्रीबाबा, हे असं कोणी बोलत नाही,' तेव्हा आम्हांला लेखणी उचलावी लागते. ऐकून घेणे हा आमच्यावर तिचा हक्क आहे.

ईजबेलने काय केले पाहा. पत्रे लिहिली, राजाची मोहर लावली, उपास जाहीर करविला, दोन साक्षीदार उभे केले. कागदोपत्री सारे यथासांग! नाबोथाला दगडमार करणारे हात मात्र त्याच्याच नगरातील होते. पत्र वाचून एकाही वडिलाने 'हे खरे नव्हे' असे म्हटले नाही. इज्रेल नगराचे पाप त्या मौनात आहे.

याउलट सलाफहादाच्या पाच मुली. वतनाची वाटणी ठरत असताना आपल्या पित्याचे नाव गळते, हे पाहून त्या दर्शनमंडपाच्या दाराशी, मोशे, याजक व साऱ्या मंडळीसमोर उभ्या राहिल्या. त्यांनी हरकत घेतली. मोशेने ती परमेश्वरापुढे नेली, आणि मुलींचे म्हणणे यथार्थ आहे, असा निवाडा झाला. नियम बदलला. जो देव हरकत ऐकून घेतो, त्याची लेकरे ती घेण्यास का लाजतात?

हा प्रश्न मी प्रथम स्वतःला विचारतो. काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतील मैदानाचे आरक्षण बदलण्याची सूचना वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात आली होती. मी ती वाचली. त्याच आठवड्यात मी मीखाचा दुसरा अध्याय तपासत होतो. शेतांचा लोभ धरून ती हिरावून घेणाऱ्यांना धिक्कारणारा तो अध्याय! त्यातील एका क्रियापदावर मी दोन दिवस घालवले. हरकतीच्या चार ओळी लिहावयास मात्र मला सवड झाली नाही. आज तेथे बारा मजले उभे आहेत, आणि मुले जिन्यात खेळतात.

घरे बांधणे पाप नव्हे. बेघराला घर मिळालेच पाहिजे. आणि आपण नेहमी नाबोथच असतो असेही नाही. चढा भाव येताच वाडवडिलांचे भाट विकणारे आपल्यातही आहेत. आपण इंदुरात असा, बडोद्यात असा वा हैदराबादेत. नगराचा आराखडा जाहीर होईल तेव्हा तो पाहा, समजून घ्या, शेजाऱ्याला समजावून सांगा, आणि मुदतीत आपले म्हणणे लेखी द्या. तीही शेजारप्रीतीच होय.

प्रभू येशूनेही एका द्राक्षमळ्याचा दाखला सांगितला. तेथेही वतनासाठी वारसाला मळ्याबाहेर काढून ठार मारण्यात आले. नाबोथाच्या तोंडी जो शब्द जुन्या ग्रीक भाषांतरात आहे, तोच मत्तय 21:38 मध्ये त्या मारेकऱ्यांच्या तोंडी आहे. आपला प्रभू नाबोथाच्या बाजूला उभा राहिला, आणि तेथेच मरण पावला. आपण कोठे उभे आहोत?

हे प्रभो, आमचे मौन आम्हांला क्षमा कर. तुझी भूमी तुझीच म्हणून राखण्यास आम्हांला धैर्य दे. आमेन.