बँड बाटला

आमच्या गावातल्या कॅसेटच्या दुकानात तीन कप्पे होते: हिंदी, मराठी आणि इंग्लिश. बोनी एम, मायकल जॅक्सन आणि मेटालिका तिसऱ्या कप्प्यात खांद्याला खांदा लावून बसत आणि कोणाचा कोणाला विटाळ होत नसे. पुढे पुण्याला शिकायला आलो, तेव्हा खोलीवरच्या मित्राने माझी शिकवणी घेतली. मेटालिकाला नुसतं रॉक म्हणणं हा अडाणीपणा, हेवी मेटल म्हणणं ढोबळपणा. म्हणायचं तर ‘थ्रॅश’ म्हणायचं. तेही १९८३ ते १९८८ मधल्या चार अल्बमांनाच. त्यानंतर बँड बाटला.

‘बाटला’ हा शब्द त्याचाच. इंग्रजीत याला सेलआउट म्हणतात, पण त्यात फक्त पैशाचा वास येतो. आपल्या शब्दात सोवळं मोडल्याचा संताप आहे, आणि भांडणाची खरी जात तीच आहे.

गंमत अशी, की हे सोवळं बँडने स्वतः नेसलेलंच नव्हतं. मेटालिका १९८१ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये जमली. ‘थ्रॅश मेटल’ हा शब्द छापून आला १९८४ मध्ये, ‘केरँग!’ या ब्रिटिश नियतकालिकात, माल्कम डोम या पत्रकाराच्या लेखणीतून. तोही मेटालिकासाठी नाही, न्यूयॉर्कच्या अँथ्रॅक्सच्या एका गाण्यासाठी. तोवर गायक जेम्स हेटफिल्ड आपल्या संगीताला ‘पॉवर मेटल’ म्हणत असे. त्याच १९८४ मध्ये मेटालिकाचा दुसरा अल्बम आला आणि त्यात ‘फेड टू ब्लॅक’ हे संथ, अकूस्टिक गिटारने सुरू होणारं गाणं निघालं. कट्टर मंडळींनी तेव्हाच बोंब ठोकली. म्हणजे ज्या वर्षी बारसं झालं, त्याच वर्षी मूल बाटलं. माझा मित्र ज्या अल्बमला सोवळ्याचा नमुना मानत होता, तो त्याच्या थोरल्या भावंडांच्या लेखी आधीच ओवळा होता.

तरीही लेबल पोकळ नसतं. थ्रॅशची ओळख कानाला पटते. डायमंड हेडसारख्या ब्रिटिश बँडची गुंतागुंतीची रचना, मोटरहेडचा धसमुसळेपणा आणि पंकचा वेग यांचं ते मिश्रण आहे, आणि त्याची सगळी मदार गिटारवाल्याच्या उजव्या हातावर. तळव्याच्या कडेने तारा दाबून धरायच्या आणि फटके फक्त वरून खाली मारायचे. ‘मास्टर ऑफ पपेट्स’ या गाण्यात मिनिटाला दोनशेवर ठोक्यांच्या लयीत हेटफिल्ड ते करतो. घरी दोन मिनिटं करून पाहा, मनगट धरून बसाल. १९९१ च्या अल्बमसाठी बँडने बॉब रॉक हा निर्माता घेतला, ज्याने नुकताच मॉट्ली क्रू या लिपस्टिकवाल्यांचा अल्बम गाजवला होता. लय उतरली. साडेनऊ मिनिटांची गाणी पाच-सहा मिनिटांवर आली. तो काळ्या मुखपृष्ठाचा अल्बम एकट्या अमेरिकेत १.६ कोटींहून जास्त खपला. हे थ्रॅश नाही, हे मित्राचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं.

पण ‘हे थ्रॅश नाही’ आणि ‘हे वाईट आहे’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि पहिलं म्हटलं की दुसऱ्याचे कष्ट वाचतात. १९९६ चा ‘लोड’ घ्या. चौघांनी केस कापले, काहींनी डोळ्यांत काजळ घातलं, लोगो बदलला, आणि चर्चा केसांपाशीच अडली. त्या अल्बमचा खरा दोष म्हणजे तो जवळजवळ ७९ मिनिटं चालतो, सीडीत मावेल तेवढं ठासून भरल्यासारखा. चौदातली पाच गाणी कोणत्याही शहाण्या संपादकाने कापली असती. उरलेल्या नवांत ब्लूजकडे झुकलेली दोन-तीन फार सुरेख आहेत. हे बोलायला मात्र आधी ऐकावं लागतं.

लेबलांची हौस फक्त चाहत्यांनाच असते असं नाही. १९८९ मध्ये ग्रॅमीने हार्ड रॉक आणि मेटल यांना मिळून एकच पारितोषिक ठेवलं आणि ते मेटालिकाला डावलून जेथ्रो टल या बासरीवाल्या बँडला दिलं. सभागृहात हुर्यो उडाली. टलच्या कंपनीने लोखंडी सळयांच्या ढिगावर बासरी ठेवून जाहिरात केली, आणि पुढच्या वर्षी ग्रॅमीने मुकाट्याने दोन कप्पे केले.

आपल्याला हे भांडण परकं वाटू नये. ग्वाल्हेर, किराणा, जयपूर ही गावांची नावं गळ्यांना लागली, तशीच तिकडे मेटलला ‘बे एरिया’ आणि ‘गोथेनबर्ग’ लागली. किशोरी आमोणकरांनी जयपूरची चौकट ओलांडली तेव्हा इथेही भुवया उंचावल्याच. पण घराण्याला गुरू असतो. गळा कुठे घडला याची ती नोंद असते. मेटलमध्ये पहारा देतात ते श्रोते. वाजवणारे बहुधा हात झटकतात. मोटरहेडचा लेमी शेवटपर्यंत सांगत राहिला, की आम्ही रॉक अँड रोल वाजवतो. इंग्लंडच्या व्हेनमने तर १९८२ मध्ये अल्बमचंच नाव ‘ब्लॅक मेटल’ ठेवलं. पुढे नॉर्वेच्या पोरांनी त्या नावाची अशी कडक व्याख्या केली, की आज खुद्द व्हेनमला त्यात धरायचं का यावर वाद होतो.

पहारेकऱ्यांची बाजूही सांगायला हवी. मेटालिकाचं १९८२ चं नमुना-ध्वनिमुद्रण मोठ्या कंपनीने पसरवलं नव्हतं. पोरांनी कॅसेटवरून कॅसेट उतरवली, पाकिटात घातली, टपालाने अनोळखी पोरांना धाडली. रेडिओवर जागा नसताना बँड उभा राहिला तो या फुकट हमालीवर. ‘आमचा बँड’ यातल्या ‘आमचा’ला असा आधार होता. आणि २००० मध्ये त्याच बँडने नॅपस्टर या इंटरनेटवर फुकट गाणी वाटण्याच्या सेवेवर खटला भरला, गाणी वाटणाऱ्या तीन लाखांहून जास्त जणांची यादी नेऊन दिली. कायद्याने बँड बरोबर होता. पण दुखावलेला माणूस कायदा बोलत नाही, तो म्हणतो, तुम्ही थ्रॅश उरला नाहीत.

२०२२ मध्ये एका अमेरिकी मालिकेत ‘मास्टर ऑफ पपेट्स’ वाजलं आणि छत्तीस वर्षांचं ते गाणं बिलबोर्डच्या पहिल्या शंभरात प्रथमच शिरलं. जुन्या मंडळींनी नव्या पोरापोरींची तोंडी परीक्षा घ्यायला सुरुवात केली; बँडने मात्र त्यांचं जाहीर स्वागत केलं.

त्याच वर्षी मित्राने घर बदललं. सामान बांधायला मी गेलो होतो. कॅसेटचं खोकं उघडलं, वर मेटालिकाच्या पहिल्या अल्बमची, ‘किल देम ऑल’ची डबी. जुन्या आठवणीने उघडून पाहिली, तर आत ‘लोड’. कॅसेट इतकी हाताळलेली, की पट्टीवरची अक्षरं पुसत आली होती.

“चुकून गेली असेल,” तो म्हणाला, आणि डबी माझ्या हातून घेऊन बंद केली.