वाट कोणी पाहिली?

याफोहून यरुशलेमला जाण्यास आम्हांस दोन रस्ते ठाऊक. एक नंबरचा हमरस्ता शाआर हागाईच्या खिंडीतून जातो. १९४८ साली वेढलेल्या यरुशलेमला रसद नेताना जळालेल्या गाड्या तेथे आहेत. दुसरा, ३९५ नंबरचा, एश्ताओलपासून डोंगरांतून वळणे घेत एन केरेमला पोहोचतो. बदाम फुलले होते. आम्ही दुसरा धरला, जागोजागी थांबलो.

यरुशलेमात आजारी थोरली बहीण सकाळपासून खिडकीशी बसून होती. वाट आम्ही पाहिली, तिनेही पाहिली. परंतु दोहोंत केवढे अंतर! सृष्टी पाहणे पाप नव्हे. पण उधळलेला वेळ आमचाच होता काय?

वाचकहो, कोणी वाट पाहत असेल तर जाताना जवळचा रस्ता घ्यावा. फुले परतताना पाहावीत.