कोरा सोडलेला कागद

राहात्यात होडी दिसायची नाही. इथलं पाणी गोदावरीच्या कालव्यातून आवर्तनानं येतं आणि पेरूच्या बागांत मुरतं. तरी चित्रकलेच्या तासाला मी मुलांना होडीच काढायला देतो. जलरंगात पांढरं शीड रंगवायचं नसतं. भोवतीचं आभाळ भरायचं, शिडापुरता कागद कोरडा सोडायचा. ओला कुंचला चुकून फिरला, की शीड गेलं.

पाण्यानं असं काही गेलं, की मला कोल्हापूरचे आबालाल रहिमान आठवतात. कुराणाच्या प्रती लिहिणाऱ्या घराण्यातले, मुंबईच्या जे. जे.त शिकलेले, शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार. रंकाळा, पंचगंगा, कोटितीर्थ यांच्या काठी ते रमले. १९२२ मध्ये महाराज गेले, तेव्हा आबालालांनी आपली कितीतरी चित्रं पाण्यात सोडली, असं सांगतात. १९३१ मध्ये तेही गेले.

चित्रं अशी पाण्यात सोडण्याला वैराग्य म्हणावं का? मला नाही पटत. ज्याचं मन चित्रांवरून खरोखरच उडालं, तो ती उचलून पाण्यापर्यंत नेण्याचे कष्ट कशाला घेईल? तो शोक होता. शोकाला संतपण चिकटवलं, की त्या माणसाच्या प्रेमावर अन्याय होतो. माया सुटलेल्यांना आपण हात जोडतोच. माया न सुटलेल्यांनाही जोडावेत.