आधी हाड शोधा, मग सुई उचला

वह्या मिटा आणि इकडं बघा. काल लसीकरण सत्रात तुमचे हात कसे चालतात ते मी बघत होते. मावशींच्या ब्लाउजची बाही दंडावर घट्ट बसलेली. वर सरकेना, तर तुमच्यातल्या एकीनं गळ्याकडून ब्लाउज खाली ओढला आणि जिथं कातडी उघडी दिसली तिथं सुई टेकवली. मी मनगट धरलं म्हणून निभावलं. रांग मोठी होती, हे कारण मला सांगू नका. हूक काढून बाही उतरवायला किती वेळ लागतो?

खांद्याच्या टोकाचं हाड, अक्रोमियन, आधी बोटानं चाचपायचं. तिथून दोन-तीन बोटं खाली डेल्टॉइडचा मांसल भाग. सुई तिथं, ९० अंशांत. त्याच्या वर टोचाल तर स्नायूत जिरायची ०.५ मिली लस बर्सात, म्हणजे सांध्याजवळच्या पिशवीत, नाहीतर सांध्याच्या आवरणात जाते आणि आत दाह पेटतो. एरवी लसीचं दुखणं दोन-तीन दिवसांत थांबतं. हे खांद्याचं दुखणं ४८ तासांच्या आत सुरू होतं आणि महिनोन्‌महिने छळतं. खांदा आखडतो. केस विंचरता येत नाहीत, म्हशीची धार काढता येत नाही, वैरणीचा भारा उचलता येत नाही. करवीर-कागलच्या बाईचा हात असा अडकून पडला तर घराचं काय होतं, हे मी सांगायला हवं? तुमच्या आया काय वेगळं करतात?

वर गावभर होतं, ‘लस बाधली.’ दोष टोचणाऱ्या हाताचा आणि बदनामी लसीची! मग पुढच्या सत्राला पोरं घेऊन येणार कोण? अमेरिकेनं २०१७ मध्ये ही इजा लसीच्या नुकसानभरपाईच्या यादीत घातली, इतकी ती खरी आहे. म्हणून खांदा धरून कुणी आलं तर ‘होतं थोडं, शेका’ म्हणून वाटेला लावायचं नाही. वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवायचं, एईएफआयची, म्हणजे लसीनंतरच्या त्रासाची, नोंद करायची. चूक आपली असली तरी करायची.

उभ्यानं टोचणं आजपासून बंद. उभ्या माणसाची सुई वरच जाते. समोरचा बसलेला, तर तुम्हीही बसायचं. उद्या सकाळी एकेकीनं माझ्यासमोर हाड शोधून, बोटं मोजून जागा दाखवायची. जिला दाखवता येणार नाही, तिनं सिरिंजला हात लावायचा नाही. मग सत्र अडलं तरी चालेल.