बर्फाच्या दिवसाचा पगार



हिवाळ्यात पहाटे आपल्या फोनवर निरोप येतो, आज ऑफिस बंद. आपण घरूनच लॅपटॉप उघडतो, शाळा बंद म्हणून मुलांवर थोडे वैतागतो आणि पंधरवड्याअखेर पगार पूर्ण जमा होतो. त्याच इमारतीत फरशी पुसणाऱ्या, कॅफेटेरियात वाढणाऱ्या माणसालाही तोच निरोप जातो. त्याचा मात्र रोज बुडतो. हे न्याय्य आहे का?

कायद्याचे उत्तर सरळ आहे. अमेरिकेतल्या १९३८ च्या फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्टनुसार तासावर काम करणाऱ्याला केलेल्या तासांचेच पैसे मिळतात. आपल्यासारख्या 'एक्झेम्प्ट' पगारदारांचे ऑफिस मालकाने एक-दोन दिवस बंद ठेवले, तर पगार कापता येत नाही. फार तर रजा वळती करतात. काही राज्ये थोडे पुढे गेली आहेत. कामावर हजर होऊन परत पाठवले गेल्यास न्यू जर्सीत किमान एका तासाचे पैसे द्यावे लागतात, मॅसॅच्युसेट्समध्ये साधारण तीन तासांचे. पण आधीच फोन करून 'येऊ नका' सांगितले, की तेही नाही.

"काम नाही तर दाम कशाचा?" असे आपल्यातले मित्रही म्हणतात. मग घरची वीज गेली म्हणून लॅपटॉप बंद राहिला, त्या दिवशी आपण कोणते काम केलेले असते? आपला दाम तरी येतोच. शिवाय न्यू जर्सीतला बर्फ हा काही अपघात नव्हे. पार्किंगमधला बर्फ उपसणाऱ्याशी कंपनी हिवाळ्याआधीच करार करते, त्याचे पैसे अंदाजपत्रकात असतात. डांबराची तरतूद होते, माणसाची होत नाही. इंजिनिअर म्हणून मला हे उलटे वाटते. भार पेलण्याची ताकद जिथे सर्वात कमी, तिथेच आपण तो टाकतो.

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. शक्तीनुसार काम, अन्न व वेतन, आजारपणात शुश्रूषा, गोडधोडात वाटा आणि वेळेवर सुट्टी. दान म्हणून नव्हे, कर्तव्य म्हणून. जिच्यामुळे घरची चूल विझते तिला या अर्थाने सुट्टी म्हणता येईल का, मला शंका आहे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते. जात ही केवळ श्रमाची नव्हे, श्रमिकांचीही विभागणी आहे, हे त्यांनी आधीच सांगितले होते. ऑफिसातला भेद जन्मावर ठरत नाही, म्हणून त्याला जात म्हणणे चूक ठरेल. पण एकाच छताखाली दोन प्रकारची माणसे मानायची सवय आपण तरी लगेच ओळखायला हवी.

छोट्या दुकानदाराची अडचण खरी आहे. गिऱ्हाईक नाही, गल्ला रिकामा, तो कुठून देणार? त्याच्याकडून पूर्ण दिवसाची अपेक्षा मी करणार नाही. अर्धा दिवस किंवा बदली पाळी तरी देता येईल. मोठ्या कंपनीला मात्र ही सबब नाही. तिथली सफाई बहुधा ठेकेदाराकडे असते, म्हणून "ते आमचे कर्मचारी नाहीत" हे उत्तर तयार असते. आपल्यातले बरेचजण आज मॅनेजर आहेत, ठेक्याच्या कागदावर त्यांची सही असते. त्यात बंदच्या दिवसाचे एक कलम घालायला सांगणे त्यांच्या हातात आहे.

आणि आपली संस्था? बर्फामुळे रविवारची वंदना आपण झूमवर घेतो, हॉल रद्द करतो. त्या दिवशी खुर्च्या लावायला आणि स्वयंपाकाला सांगितलेल्या माणसांचे पैसे द्यायचे की नाही, हा विषय कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत घ्यावा, अशी माझी विनंती आहे. द्यावेत, असे माझे मत आहे.